सगळेच गायला लागतात तेव्हा

इंग्रजी मालिका पाहणाऱ्यांच्या गप्पांत कधी ना कधी ‘म्युझिकल एपिसोड’चा विषय निघतोच. वर्षानुवर्षं चारचौघांसारखी बोलत आलेली पात्रं एका भागात अचानक गायला लागतात, रस्त्यात नाचतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागतात. यावर मराठी प्रेक्षकाचा पहिला प्रश्न अगदी रास्त असतो. आपल्याकडे सिनेमा म्हटला की गाणी आलीच. नायिका बागेत धावली की व्हायोलिनं कुठून वाजली, असं आपण कधी विचारत नाही. मग त्यांच्या एका भागात आठ-दहा गाणी आली तर एवढं नवल कशाचं? आणि अशा भागांतला एखादाच पंचवीस वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी का असतो, बाकीचे का विसरले जातात?

माझं उत्तर थोडक्यात असं आहे: गाण्यामुळे पात्राच्या तोंडून असं काही बाहेर पडलं पाहिजे, जे बोलण्यातून कधीच पडलं नसतं, आणि एकदा पडलं की ते मागे घेता येऊ नये. आता हे टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. नियम आणि नियमभंग

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं आणि दोनच वर्षांनी ‘संगीत सौभद्र’ आलं. त्या नाटकांतली पात्रं सुखात गातात, दुःखात गातात, रागावली तरी गातात. प्रेक्षकानं तिकीट काढलं तेव्हाच हा करार मान्य केलेला असतो. हिंदी चित्रपटातही तोच करार आहे. तिथे गाणं हा नियम आहे.

मालिकेचा करार वेगळा असतो. पोलीस ठाणं, रुग्णालय, वकिलांचं कार्यालय ही जागा खरी आहे, असं मालिका दर आठवड्याला प्रेक्षकाला पटवत असते. शंभर भाग झाले की ती माणसं शेजाऱ्यांइतकी ओळखीची होतात. कोण कसं बोलतं, कोण काय लपवतं, हे आपल्याला पाठ होतं. अशी ओळखीची माणसं गायला लागली की पहिला झटका बसतो तो नियम मोडल्याचा. म्युझिकल भागाची निम्मी ताकद या झटक्यात असते. म्हणूनच असा भाग पहिल्या सीझनच्या दुसऱ्या आठवड्यात करून चालत नाही. मोडायला आधी नियम रुजलेला हवा.

याची उलट बाजू १९९० साली अमेरिकेत दिसली. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’सारखी नावाजलेली पोलीसमालिका घडवणाऱ्या स्टीव्हन बोच्को यांनी एबीसी वाहिनीवर ‘कॉप रॉक’ आणली. तीत पोलीस, गुन्हेगार आणि वकील दर आठवड्याला गात. एका प्रसंगात तर न्यायालयातले ज्युरी चर्चमधल्या गायकवृंदासारखे उठून निकाल गाऊन सांगतात. काही गाणी खरोखर चांगली होती. रँडी न्यूमन यांना त्यातल्या कामाबद्दल एमी पुरस्कारही मिळाला. तरी मालिका ११ भागांत बंद पडली. बाकी सगळं चित्रण रखरखीत वास्तवाचं होतं आणि गाण्याला काही कारणच नव्हतं. प्रेक्षकाला वास्तवाचा करारही नीट मिळाला नाही आणि संगीताचाही.

२. आत यायचं दार

म्हणून चांगला म्युझिकल भाग सर्वांत आधी एक दार बांधतो: ही माणसं आज का गात आहेत? अशी दारं मोजकीच आहेत. पहिलं स्वप्नाचं. १९५६ सालच्या ‘आय लव्ह लूसी’च्या एका भागात लूसी स्वप्नात स्कॉटलंडला जाते आणि तिथे सगळं गाण्यातून घडतं. स्वप्नातून उठलं की सगळं पूर्ववत. हे दार सुरक्षित आहे, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही, कारण स्वप्नात कबूल केलेल्या गोष्टीची किंमत कोणी मोजत नाही.

दुसरं दार रंगमंचाचं: पात्रं एखादं संगीतनाटक बसवतात. तिसरं आजारी मेंदूचं, चौथं जादूचं किंवा विज्ञानकथेतल्या बिघाडाचं. शेवटची दोन सर्वांत कामाची, कारण त्यांत गाणं ही घडणारी घटना असते आणि तिचे परिणाम मागे उरतात.

३. बोलता येत नाही ते

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तेच नाव लग्नात, मंगळागौरीत, भरल्या घरात, सासू-सासऱ्यांसमोर उखाण्यातून खुशाल घेतलं जाई. यमक जुळलं की बंदी उठे. गाण्याचंही तसंच आहे. ते माणसाला परवानगी देतं. एरवी जिभेवर आलेलं माणूस गिळतो. चाल लागली की तेच बाहेर पडतं.

याचं सर्वांत पक्कं उदाहरण म्हणजे ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ मालिकेतला ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’ हा भाग. तो ६ नोव्हेंबर २००१ रोजी यूपीएन वाहिनीवर दाखवला गेला. लेखन, दिग्दर्शन आणि गाणी तिन्ही जॉस व्हेडन यांची. संगीत-संयोजन ख्रिस्तोफ बेक यांचं. बफी समर्स ही कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावातली तरुणी. पिशाच्चांशी लढणं हे तिचं विधिलिखित काम. तिच्याभोवती जिवाभावाची मित्रमंडळी: जादू शिकलेली विलो, विलोची प्रेयसी टारा, गवंडीकाम-सुतारकाम करणारा झँडर, त्याची वाग्दत्त वधू आन्या, वडिलांच्या जागी असलेले जाइल्स आणि धाकटी बहीण डॉन.

आता पार्श्वभूमी नीट लक्षात घ्या, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. पाचव्या सीझनच्या शेवटी बफी जग वाचवताना मरते. सहाव्याच्या सुरुवातीला मित्र जादूनं तिला परत आणतात. ती नरकयातना भोगत असणार, असं त्यांना वाटत असतं आणि आपण तिला सोडवलं याचा अभिमानही असतो. खरं तर बफी स्वर्गात होती. शांत होती, काळजीमुक्त होती. मित्रांनी तिला तिथून ओढून या खडबडीत जगात आणलं. हे ती फक्त स्पाइकला सांगते, आणि तो स्वतःच पिशाच्च. मित्रांना सांगितलं तर त्यांचं काळीज फाटेल, म्हणून ती हसरा चेहरा घेऊन वावरते. प्रेक्षकाला हे गुपित जवळजवळ महिनाभर ठाऊक असतं. मित्रांना नसतं.

अशा वेळी गावात स्वीट नावाचा एक राक्षस येतो. (त्याची भूमिका केलेल्या हिंटन बॅटल यांना ब्रॉडवेवरच्या संगीतनाटकांतल्या कामासाठी तीनदा टोनी पुरस्कार मिळालेला होता, आणि त्यांच्या चालण्यातही ते दिसतं.) त्याच्या जादूनं गावातला जो तो मनातलं गाऊ लागतो. भावना अनावर झाली की माणूस न थांबता नाचतो आणि शेवटी जळून खाक होतो. इथे व्हेडन यांनी काय केलं ते पाहा. संगीतनाटकाची रीतच त्यांनी संकट म्हणून वापरली. बोलणं अपुरं पडलं की गाणं, गाणं अपुरं पडलं की नृत्य, हा ब्रॉडवेचा जुना समज. त्यांनी त्यापुढे एक पायरी जोडली: नृत्य अपुरं पडलं की मृत्यू.

भागाच्या सुरुवातीला बफी स्मशानात पिशाच्च मारत गाते. संगीतनाटकात सुरुवातीला नायक-नायिकेचं ‘मला काय हवं’ असं एक गाणं असतं. त्यावर पुढची कथा चालते. बफीचं तसलंच आहे. फरक एवढाच, की तिला हवं आहे ते म्हणजे काहीतरी हवंसं वाटणं. हात आपोआप चालतात, वार बसतात, पिशाच्चं मरतात, आत काहीच हलत नाही. बोलण्यात ती हे कोणालाच सांगत नाही. स्मशानात ऐकायला ओळखीचं कोणी नाही, म्हणून गाता येतं.

सकाळी ती मित्रांना बिचकत विचारते, काल रात्री कोणी गायलं का? तेव्हा कळतं की सगळेच गायले. मग जादूच्या दुकानात यामागचं कारण शोधायचं गाणं होतं, त्यात आन्या मधूनच सशांना दोष देत रॉक गायकीत शिरते, आणि एकूण मजेचं वातावरण तयार होतं. हा हलका भाग आवश्यक आहे. रस्त्यावर एक माणूस कपड्यावरचा मोहरीचा डाग निघाल्याच्या आनंदात गातो, एक बाई पार्किंगच्या दंडाबद्दल पोलिसाशी गाण्यात भांडते. ही दोन्ही कामं मालिकेच्याच लेखक-निर्मात्यांनी, डेव्हिड फ्युरी आणि मार्टी नॉक्सन यांनी केली आहेत. या गमतीमुळे आपण सैलावतो. आणि त्या सैलावलेपणात एकेक गुपित फुटू लागतं.

झँडर आणि आन्या यांचं युगुलगीत १९३०च्या दशकातल्या चित्रपटांच्या धाटणीचं, गोड, पाय थिरकायला लावणारं आहे. शब्द मात्र लग्नाच्या भीतीचे. आपल्या मनातल्या शंका कधीच सांगणार नाही, असं दोघं एकमेकांसमोर गाऊन सांगतात. गाणं संपल्यावर दोघं हादरलेली असतात. चाल इतकी मोहक नसती तर ती भीती इतकी बोचली नसती.

शेवटी बफी राक्षसासमोर उभी राहते. मित्र मागून येऊन पोचलेले असतात. तिचं गाणं उत्साही चालीत सुरू होतं, आयुष्य म्हणजे जणू नाटक अशा थाटात. मध्येच चाल मोडते, ती मित्रांकडे वळते आणि स्वर्गाचं सांगून टाकते. कॅमेरा विलोच्या चेहऱ्यावर जातो. परत आणायचा मंत्र तिनेच म्हटला होता. हे वाक्य बफी बोलून कधीच म्हणाली नसती. मैत्रिणीला जपण्यासाठी तिनं ते आयुष्यभर दडवलं असतं. गाण्यानं तिला तो पर्याय ठेवला नाही. मग ती वेगानं नाचू लागते, अंगातून धूर निघतो, आणि स्पाइक तिला धरून थांबवतो.

याच व्हेडन यांनी १९९९ साली ‘हश’ हा भाग केला होता. त्यात सगळ्या गावाचा आवाजच चोरीला जातो आणि बराच वेळ कोणी एक शब्दही बोलत नाही. दोन्ही भागांमागचा विचार एकच: माणसं बोलतात तेव्हा एकमेकांपासून किती लपवतात! एकदा त्यांनी बोलणं काढून घेतलं, दुसऱ्यांदा लपवणं.

४. तीच चाल, दुसरा अर्थ

संगीताकडे एक हत्यार असं आहे, जे नुसत्या संवादाकडे नाही. एकदा ऐकलेली चाल दुसऱ्यांदा आली की पहिली आठवण सोबत घेऊन येते. गद्यात एखादं वाक्य पुन्हा म्हटलं तर पुनरुक्ती वाटते. चाल पुन्हा आली तर कान टवकारतात.

याच भागातलं टाराचं गाणं घ्या. बागेत ऊन पडलेलं, विलो शेजारी, आणि टारा गाते की तुझ्या प्रेमाची माझ्यावर जादू झाली. चाल अशी, की कोणीही विरघळावं. आता गोम अशी, की आधीच्याच भागात दोघींचं भांडण झालं होतं. विलो जादूचा अतिवापर करते, असं टाराचं म्हणणं. भांडण नको म्हणून विलोनं मंत्र टाकून टाराच्या मनातून ते भांडणच पुसून टाकलं. म्हणजे टारा जे अलंकार म्हणून गाते आहे, ते अक्षरशः खरं आहे. तिलाच ते माहीत नाही. प्रेक्षकाला माहीत आहे, म्हणून ते ऊन खुपतं.

पुढे डॉन सहज बोलून जाते, तुमचं भांडण मिटलं ते बरं झालं. कुठलं भांडण? टाराला उमगतं. मग तीच चाल परत येते. सूर तेच, पण आता त्यात प्रेमाच्या जागी फसवणूक आहे. एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता प्रेक्षकाच्या मनात दोन्ही प्रसंग शेजारी-शेजारी उभे राहतात. मला या भागातलं हे सर्वांत कुशल काम वाटतं, स्वर्गाच्या कबुलीपेक्षाही.

५. एकाच वेळी दोघं

दुसरं हत्यार. दोन माणसं एकाच वेळी बोलली तर गलका होतो. दोन माणसं एकाच वेळी गायली तर दोन्ही ऐकू येतात, आणि दोघांत जे समान आहे तेही.

जाइल्सना बफीची काळजी आहे, पण आपण जवळ असलो तर ती स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, हेही त्यांना कळून चुकलं आहे. तिला सराव देता-देता ते हे गातात. बफी व्यायामात मग्न असते. तिला काहीच ऐकू जात नाही. बोलता येत नाही म्हणून माणूस गातो, आणि ज्याच्यासाठी गातो त्यालाच ते ऐकू येत नाही, हेही गाण्यातच शोभतं. मग टाराची परतलेली चाल आणि जाइल्सची चाल एकमेकींत गुंफल्या जातात. एक प्रेयसीला सोडून जायचा विचार करते आहे, दुसरा मुलीसारख्या शिष्येला. दोघांना एकमेकांचं दुःख ठाऊक नाही. आपल्याला दोन्ही एकदम कळतात. हेच संवादांत सांगायचं तर दोन वेगळे प्रसंग लागले असते आणि त्यांतला जोड प्रेक्षकाला समजावून द्यावा लागला असता.

६. कच्चे आवाज

इथे भारतीय वाचक एक शंका घेतोच: नटांना गाता येत नसेल तर पार्श्वगायक का नाही?

कधीकधी घेतातही. ‘झीना: वॉरियर प्रिन्सेस’च्या १९९८ सालच्या ‘द बिटर स्वीट’ भागात लूसी लॉलेस स्वतः गायल्या, तर गॅब्रिएलच्या भूमिकेतल्या रेने ओकॉनर यांना दुसऱ्या गायिकेचा आवाज दिला. तोही भाग ताकदीचा आहे. जिवलग मैत्रिणींमध्ये मुलांच्या मृत्यूवरून इतकं वैर आलेलं असतं की बोलणंच शक्य नसतं; तेव्हा दोघी एका मायानगरीत पडतात, जिथे गाऊनच समेट होऊ शकतो.

तरी सहसा नटानं स्वतः गावं, असंच मला वाटतं. सारा मिशेल गेलर गायिका नव्हत्या. आधी त्यांना दुसऱ्या कोणाचा आवाज हवा होता. पण एवढी मोठी कबुली बफीनं परक्या आवाजात द्यायची, हे त्यांना पटेना आणि त्या स्वतः गायल्या. पाच वर्षं ज्या आवाजात बफी बोलली, तोच आवाज वरच्या सुरावर थोडा ताणतो, थोडा थरथरतो. तो थरथर करणारा सूर बफीचा आहे. तयारीच्या गळ्यानं तो सफाईनं लावला असता आणि त्यात बफी हरवली असती.

मात्र यासाठी लेखकाला प्रत्येकाचा आवाका ओळखून गाणी वाटावी लागतात. जाइल्सचं काम करणारे अँथनी हेड ‘रॉकी हॉरर शो’ रंगमंचावर करून आलेले, स्पाइकचे जेम्स मार्स्टर्स यांनी पुढे स्वतःचा बँड काढला, टाराच्या अँबर बेन्सन यांचा गळा गोड. त्यांना मोठी गाणी मिळाली. विलोच्या अ‍ॅलिसन हॅनिगन यांनी मला कमीत कमी गायला द्या, अशी विनंती केली. त्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या. धाकट्या डॉनच्या मिशेल ट्रॅक्टेनबर्ग यांना गाण्यापेक्षा नाच आवडे, म्हणून तिचा प्रसंग बॅलेच्या अंगानं बांधला. नृत्यं बसवली अ‍ॅडम शँकमन यांनी, ज्यांनी पुढे २००७ सालचा ‘हेअरस्प्रे’ चित्रपट दिग्दर्शित केला. मर्यादेतून रचना कशी निघते याचा हा नमुनाच आहे.

कामाची पद्धत आपल्या सिनेमासारखीच असते. गाणी आधी ध्वनिमुद्रित होतात, सेटवर ती वाजवली जातात आणि नट त्यांवर ओठ हलवतात. अवघड असतो तो सांधा: बोलणं संपून गाणं सुरू होतं ती दोन-तीन सेकंदं. तिथे खोलीतला आवाज आणि स्टुडिओतला आवाज वेगळे वाटले की प्रेक्षक लगेच बाहेर फेकला जातो. म्हणून चांगल्या भागात संगीत संवादाखालीच हळूच सुरू झालेलं असतं, आणि पहिली ओळ अर्धी बोललेली, अर्धी गायलेली असते.

७. रुग्णालयात गाणं

रुग्णालय आणि गाणं यांचं नातं जुनं आहे. ब्रिटिश नाटककार डेनिस पॉटर यांच्या ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ या १९८६ सालच्या बीबीसी मालिकेत मायकेल गँबन यांनी केलेला लेखक भयंकर त्वचारोगानं खाटेला खिळलेला असतो. त्याच्या तापलेल्या डोक्यात वॉर्डातले डॉक्टर जुन्या ध्वनिमुद्रिकांवर ओठ हलवत नाचू लागतात. आवाज त्यांचा नाहीच, हे पॉटर लपवत नाहीत. परका आवाज तोंडातून आला की माणूस आतून किती पोकळ झाला आहे, ते दिसतं.

‘स्क्रब्ज’ या विनोदी मालिकेनं १८ जानेवारी २००७ रोजी एनबीसीवर ‘माय म्युझिकल’ हा भाग केला तो आजारी मेंदूच्या याच दारातून. एक बाई बागेत चक्कर येऊन पडते. शुद्धीवर येते तो सगळे तिच्याशी गाऊन बोलताहेत. ती तसं सांगते तेव्हा डॉक्टरांना हा मनाचा खेळ वाटतो. तपासणीत मेंदूतल्या रक्तवाहिनीला मोठा फुगा आल्याचं आढळतं. म्हणजे जे संगीत आपल्याला सुखावतं आहे, तेच तिच्या जिवावर उठलं आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तर ते थांबेल; प्रेक्षकाला एकाच वेळी ती बरी व्हावी असंही वाटतं आणि गाणी संपू नयेत असंही. गाणी लिहिली ती मुख्यतः ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ या ब्रॉडवे नाटकाच्या जेफ मार्क्स आणि रॉबर्ट लोपेझ या जोडीनं. रुग्णाची भूमिकाही त्याच नाटकातल्या स्टेफनी डाब्रुझो यांची. हेच लोपेझ पुढे पत्नी क्रिस्टन यांच्यासह ‘फ्रोझन’च्या गाण्यांमुळे घरोघरी पोचले. या भागाला ध्वनिमिश्रणासाठी एमी मिळाला, आणि वर सांगितलेला तो सांधा आठवला तर का मिळाला ते समजतं.

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’नं २०११ साली असाच प्रयोग केला. अपघातात जबर जखमी झालेल्या कॅलीला सगळे गाताना दिसतात. कॅलीचं काम करणाऱ्या सारा रामिरेझ यांना ‘स्पॅमलॉट’साठी टोनी मिळालेला, त्यांचा आवाज खणखणीत. तरीही तो भाग माझ्यापर्यंत अर्धाच पोचतो. कारण गाणी नवी नव्हती. मालिकेत पूर्वी पार्श्वभूमीला वाजलेली लोकप्रिय गाणी डॉक्टरांच्या तोंडी दिली होती. दुसऱ्याच कोणाच्या दुःखासाठी लिहिलेले शब्द इथे ढोबळ भावनेपलीकडे जात नाहीत. त्या डॉक्टरांना जे बोलता येत नव्हतं, ते या गाण्यांतही आलं नाही.

दर आठवड्याला गायचं असेल तर काय करावं, याचं उत्तर ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’नं २०१५ ते २०१९ या काळात दिलं. दीडशेहून अधिक गाणी, आणि ती मुख्यतः नायिका रिबेकाच्या डोक्यातली. तिसऱ्या सीझनमध्ये तिच्या मानसिक आजाराचं निदान होतं तेव्हा आधीच्या सगळ्या गाण्यांकडे आपण नव्यानं पाहू लागतो. ‘कॉप रॉक’कडे नव्हतं ते दार इथे पहिल्या दिवसापासून उघडं होतं.

८. अंतराळातला बिघाड

३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘स्टार ट्रेक: स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये ‘सबस्पेस रॅप्सडी’ हा भाग आला. १९६६ पासून चालत आलेल्या या मालिका-परंपरेतला हा पहिला म्युझिकल भाग. यान एका विचित्र अवकाश-घडीत संदेश पाठवायचा प्रयत्न करतं. काहीच जात नाही म्हणून एक गाणं पाठवून पाहतात, आणि वास्तवाचा कायदाच बदलतो. संगीतनाटकात जे घडतं ते आता सगळीकडे घडू लागतं. भावना टोकाला गेली की माणूस गातो, हा नियम उहुरा निरीक्षणातून शोधून काढते. संदेशवहन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं तो शोधावा, हे फार योग्य आहे. ही भूमिका करणाऱ्या सिलिया रोझ गुडिंग ब्रॉडवेवरून आलेल्या आहेत, आणि मूळ मालिकेतल्या निशेल निकल्स यांची उहुराही १९६६ साली गायली होती.

गाणी के हॅन्ली आणि टॉम पोल्स यांची. धोक्याची कल्पना छान लढवली आहे: कॅप्टन पाइक मोठ्या पडद्यावर आपल्या मैत्रिणीशी औपचारिक बोलणं करत असतो आणि खाजगी कुरबुर सगळ्या अधिकाऱ्यांसमोर गाण्यात सुरू होते. सुरक्षा-अधिकारी ला’अनला कळतं, की शत्रूसमोर असं झालं तर काय? तिच्या मनातही किर्क या अधिकाऱ्याबद्दल एक गोष्ट दडलेली आहे, जी गाण्याआधी आपण स्वतः सांगितलेली बरी, असं ती ठरवते. म्हणजे इथे गाण्याच्या नुसत्या भीतीनंच माणूस खरं बोलायला तयार होतो. ही ‘बफी’च्या पुढची पायरी आहे. स्पॉकचं मात्र तसं होत नाही. नर्स चॅपल नव्या कामाच्या आनंदात मित्रांबरोबर धमाल गाते, आणि त्या आनंदात तिचा प्रियकर असलेल्या स्पॉकला जागा नाही, हे तो तिथेच उभा राहून ऐकतो. भावना आवरणं हाच ज्याचा धर्म, त्याला मग एकट्यानं गावं लागतं.

९. पुढचा आठवडा

भाग खरा कसाला लागतो तो पुढच्या आठवड्यात. जादू ओसरली, राक्षस गेला, बिघाड दुरुस्त झाला. पण जे ऐकलं गेलं त्याचं काय?

‘वन्स मोअर, विथ फीलिंग’चं शेवटचं गाणं आता पुढे काय, असं विचारतं, आणि मालिकेनं त्या प्रश्नाचं उत्तर टाळलं नाही. लगेच पुढच्या, १३ नोव्हेंबरच्या ‘टॅब्युला रासा’ भागात विलो पुन्हा तीच चूक करते. बफीनं स्वर्ग विसरावा आणि टारानं भांडण विसरावं, म्हणून ती आणखी मोठा मंत्र टाकते आणि सगळेच आपण कोण हे विसरतात. स्मृती परतल्यावर टारा सामान आवरून निघून जाते. जाइल्स विमान पकडून इंग्लंडला जातात. गाण्यात दोघांच्या ज्या चाली एकत्र गुंफल्या होत्या, त्या दोन्ही एकाच रात्री खऱ्या होतात. झँडर आणि आन्यानं मात्र आपल्या शंकांवर नंतर चकार शब्द काढला नाही. लग्नाची तयारी चालू राहिली, पत्रिका गेल्या, पाहुणे जमले. मार्च २००२ मधल्या ‘हेल्स बेल्स’ भागात आन्या नववधूच्या वेशात उभी असताना झँडर तिला तिथेच सोडून पावसात चालता होतो.